न दिलेला शब्द

एलएलव्हीएम नावाचा एक मुक्तस्रोत कंपायलर-संच आहे. त्याच्या दस्तऐवजात नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं एक पान आहे. त्यातले बरेचसे प्रश्न अपेक्षितच आहेत. हा संच कोणत्या भाषेत लिहिलाय, त्यात बदल करून तो पुढे वाटला तर चालेल का, सी भाषेतला प्रोग्राम एकदाच भाषांतरित करून सगळ्या यंत्रांवर चालवता येईल का (नाही). हे वाचून कोणाची झोप उडणार नाही. पण याच पानावर एक प्रश्न असा आहे, की तो मला तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटत आला आहे.

प्रश्नाचा आशय सोप्या भाषेत असा. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं तेव्हा देवघेवीचा काही शिष्टाचार ठरलेला असतो: कोणती किंमत कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायची, काम झाल्यावर कोणी आवरायचं. हाक मारणाऱ्यानं एक शिष्टाचार पाळला आणि ज्याला हाक मारली त्यानं दुसरा, तर घोळ होणार हे उघड आहे. असा विजोड कोड एलएलव्हीएमला दिला तर तो तक्रार करत नाही. तो ती हाकच काढून टाकतो आणि त्या जागी 'अनरीचेबल' अशी खूण ठेवतो, म्हणजे 'इथे कोणी पोचत नाही'. विचारणारा वैतागून विचारतो: अरे, चूक दिसतेय ना तुला? मग कोड नाकारत का नाहीस?

उत्तर विचार करायला लावणारं आहे. नाकारता येत नाही, कारण तो कोड चूक आहे हे अजून ठरलेलं नाही. समजा, एका फंक्शनला एक पत्ता आणि एक अट दिली आहे. अट खरी असेल तर त्या पत्त्यावर एका शिष्टाचारानं हाक मारायची, खोटी असेल तर दुसऱ्या. कंपायलर जेव्हा सगळं उलगडून एकापुढे एक मांडतो, तेव्हा एकाच फंक्शनला दोन वेगळ्या शिष्टाचारांच्या हाका समोर येतात. त्यातली एक नक्कीच विजोड असते. पण अट नीट असेल तर त्या वाटेनं कधीच कोणी जाणार नसतं. नुसत्या दिसण्यावरून नाकारलं तर धडधडीत बरोबर प्रोग्रामही नाकारला जाईल. तेव्हा कंपायलर म्हणतो, इथे पोचलात तर चूक आहे. तुम्ही चूक करणाऱ्यांतले नाही. म्हणून तुम्ही इथे पोचतच नाही. म्हणून हा रस्ता मी उखडून टाकतो.

पहिलं वाक्य मला पटतं. शेवटचंही, आधीची तिन्ही मान्य केली तर, पटावं लागतं. अडचण दुसऱ्या वाक्याशी आहे.

मी कंपायलर वापरणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं देण्याचं काम करतो. या कामात आठवड्यातून एकदा तरी मला कोणाला तरी सांगावं लागतं की तुमचा कोड चुकीचा आहे, कंपायलर नाही. हे उत्तर जवळपास नेहमीच खरं असतं. ते प्रामाणिक असतं का, हा या लेखाचा विषय.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं कंपायलरवाल्यांच्या दुष्टपणाची गोष्ट वाटेल, आणि तशी ती नाही. सी भाषेचं पहिलं अमेरिकी प्रमाणीकरण १९८९ साली झालं. तेव्हा यंत्रं आजच्यासारखी एका साच्यातली नव्हती. ऋण संख्या साठवण्याच्याच तीन पद्धती चालू होत्या. बेरीज मावली नाही तर एखादं यंत्र गुमान फिरून ऋण संख्येवर येई, एखादं तिथल्या तिथे थांबे. सगळ्यांवर एकच नियम लादला असता तर निम्म्या यंत्रांवर प्रत्येक बेरजेमागे चार जादा आज्ञा खर्चाव्या लागल्या असत्या. म्हणून प्रमाणकानं काही प्रसंगांबद्दल हात वर केले: असं घडलं तर काय व्हावं याबद्दल आम्ही काहीही म्हणत नाही. याचं इंग्रजी नाव अनडिफाइन्ड बिहेवियर. मी त्याला अव्याख्यात वर्तन म्हणतो. सीच्या प्रमाणकाला जोडलेल्या परिशिष्टात अशा प्रसंगांची यादी आहे, ती दोनशेच्या आसपास जाते. शून्यानं भागणं, अ‍ॅरेच्या कडेपलीकडे वाचणं, किंमत न घातलेला व्हेरिएबल वापरणं, चिन्हांकित पूर्णांकाची बेरीज न मावणं. 'असं झालं तर तुमच्या नाकातून भुतं बाहेर आली तरी ते नियमाला धरूनच' असा एक जुना विनोद प्रोग्रामर मंडळींत आहे.

मुळात हे मौन यंत्रांच्या विविधतेपोटी होतं. 'तुझ्या यंत्रावर जे होईल ते होवो' इतकाच त्याचा सूर होता, आणि दहा-पंधरा वर्षं बहुतेकांनी ते तसंच वाचलं. पुढे ऑप्टिमायझर हुशार झाले आणि त्याच मौनाचं वाचन बदललं. 'याबद्दल नियम नाही' याचा अर्थ 'हे कधी घडणारच नाही असं धरून चालायला मला मुभा आहे' असा झाला. प्रमाणकाचे शब्द तेच राहिले. वाचणारा बदलला.

या वाचनपद्धतीला आपल्याकडे फार जुनं नाव आहे. मीमांसकांनी ज्ञानाची जी साधनं मानली त्यांत अर्थापत्ती नावाचं एक साधन आहे, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे देवदत्त. देवदत्त दिवसा जेवत नाही, पण चांगला धष्टपुष्ट आहे. त्या अर्थी तो रात्री जेवत असणार. रात्रीचं जेवण कोणी पाहिलेलं नाही. पण ते मानल्याशिवाय समोरच्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. नैयायिक म्हणतात, यात नवं काही नाही, हे अनुमानच आहे. तो वाद सोडून देऊ. मुद्दा असा की कंपायलर दिवसभर हेच करत असतो. या पॉइंटरमधून वाचलंय, त्या अर्थी तो शून्य नसणार. या दोन संख्यांची बेरीज केलीय, त्या अर्थी ती मावत असणार.

या तर्काचं टोक दाखवणारा एक छोटा प्रोग्राम कंपायलरवाल्यांत प्रसिद्ध आहे. त्यात एक फंक्शन-पॉइंटर आहे, सुरुवातीला रिकामा. डिस्कवरचं सगळं पुसून टाकणारं एक फंक्शन आहे. त्या पॉइंटरमध्ये त्या फंक्शनचा पत्ता भरणारं तिसरं फंक्शन आहे, पण त्याला कोणी कधी हाक मारतच नाही. मुख्य प्रोग्राम सुरू होतो आणि थेट त्या पॉइंटरवर जातो. साध्या समजुतीप्रमाणे प्रोग्राम तिथेच कोसळायला हवा. क्लँग हा एलएलव्हीएमवर उभा असलेला सीचा कंपायलर काय करतो? पॉइंटर एक तर रिकामा किंवा त्यात त्या एकाच फंक्शनचा पत्ता. रिकाम्या पॉइंटरवर उडी मारणं अव्याख्यात. त्या अर्थी पत्ता भरलेलाच असणार. आणि तो पुसापुशीचं फंक्शन थेट चालवणारा कोड तयार करतो. देवदत्त रात्री जेवत असणार म्हणून त्याच्या नावानं खाणावळीचं बिल फाडण्यातला हा प्रकार.

पण देवदत्ताच्या आणि इथल्या उदाहरणात एक फरक आहे आणि माझ्या मते सगळा वाद त्याच्यातच आहे. देवदत्त धष्टपुष्ट आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अर्थापत्ती त्या पाहिलेल्या गोष्टीवर उभी राहते. कंपायलरचा तर्क ज्यावर उभा राहतो ती गोष्ट म्हणजे प्रोग्रामर बिनचूक आहे. ती कोणी पाहिलीय? उलट, जगातला एकूण एक अनुभव तिच्या विरुद्ध आहे.

२००९ सालचं लिनक्सचं उदाहरण घ्या. लिनक्सच्या गाभ्यात, आभासी नेटवर्क यंत्रणा चालवणाऱ्या ट्यून नावाच्या ड्रायव्हरमध्ये, एका फंक्शनच्या सुरुवातीला एका पॉइंटरमधून एक किंमत उचलली होती. पुढच्याच ओळींत तो पॉइंटर शून्य आहे का हे तपासून, असेल तर परत फिरायची व्यवस्था होती. म्हणजे तपासणी होती, पण एक पाऊल उशिरा. ही चूकच, यात शंका नाही. जीसीसी या कंपायलरनं देवदत्ताचा न्याय लावला: पॉइंटरमधून वाचून झालंय, त्या अर्थी तो शून्य नाही, मग पुढची तपासणी कशाला? ती काढून टाकली. एरवी शून्य पत्त्यावर वाचलं की गाभा तिथेच अडखळतो. पण हल्लेखोराला शून्य पत्त्यावर स्वतःचं पान बसवता आलं की वाचन बिनबोभाट पार पडायचं, आणि पुढचा अडसर तर कंपायलरनंच हलवलेला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये हे वापरून यंत्राचा पूर्ण ताबा मिळवून दाखवणारा प्रोग्राम प्रसिद्ध झाला.

मूळ कोड वाचणाऱ्याला तपासणी दिसत होती, यंत्रावर ती नव्हती. हे मला फार अस्वस्थ करतं. माणसं कोड वाचूनच एकमेकांवर विश्वास ठेवतात. मुक्तस्रोताची तर सगळी भिस्तच त्यावर. 'कोड उघडा आहे, वाचून खात्री करून घ्या' हे वचन आणि 'तुम्ही वाचलंत ते चालेलच असं नाही' ही तळटीप एकत्र कशी नांदायची?

याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी २००७ मध्ये, जीसीसीकडे एक तक्रार नोंदवली गेली होती. 'एखाद्या संख्येत शंभर मिळवले की ती मोठीच झाली पाहिजे' अशी एक खबरदारीची तपासणी कोणी लिहिली होती. बेरीज फिरून ऋण झाली तर पकडावं म्हणून. कंपायलरनं ती उडवली, कारण चिन्हांकित बेरीज न मावणं अव्याख्यात आहे, म्हणजे ती मावतेच, म्हणजे तपासणी कायम खरी, म्हणजे निरर्थक. तक्रारकर्त्याचं म्हणणं: अहो, ही सुरक्षेसाठी होती, असे कोड जगभर पडलेले आहेत. जीसीसीवाल्यांचं म्हणणं: हा आमचा दोष नाही, सी भाषा अशीच आहे, चिन्हविरहित संख्या वापरा, नाहीतर 'एफ-रॅप-व्ही' हा स्विच द्या, मग बेरीज यंत्रासारखीच फिरेल. दोन्ही बाजू चढ्या आवाजात बोलल्या आणि तक्रार ग्राह्य धरली गेली नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेनं याबद्दल इशारा काढला. आधी त्यात एकट्या जीसीसीवर बोट होतं. मग इतर कंपायलरही तेच करतात हे दिसल्यावर तो सुधारावा लागला.

मी हे सगळं वाचलेलं होतं आणि मनातून जीसीसीवाल्यांच्या बाजूचा होतो. नियम लिहिलेला आहे, तो पाळा. कुपवाडच्या एमआयडीसीत शीतगृहांसाठी नियंत्रक बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातल्या अभियंत्याशी बोलणं होईपर्यंत तरी मला यात फारसा प्रश्न दिसत नव्हता.

त्यांचा नियंत्रक तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहांत बसवलेला होता. कॉम्प्रेसर बंद झाला की लगेच चालू करायचा नसतो; आतला दाब समान व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात, नाहीतर मोटरवर भलताच ताण येतो. त्यासाठी कोडमध्ये आत्ताच्या वेळेत तीन मिनिटं मिळवून 'पुन्हा चालू करायची वेळ' काढलेली होती. वेळ मिलिसेकंदांत, बत्तीस बिटांच्या चिन्हांकित संख्येत. अशी संख्या २४ दिवस आणि २० तासांच्या पुढेमागे भरून ऋण होते. हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पुढची ओळ लिहिली होती: मिळवून आलेली वेळ आत्ताच्या वेळेपेक्षा लहान असेल, तर घड्याळ फिरलंय असं समजा आणि नव्यानं मोजा. ही ओळ कित्येक वर्षं इमानेइतबारे काम करत होती. मग चिप बनवणाऱ्या कंपनीनं कंपायलरची नवी आवृत्ती दिली, त्यांनी तीच फाइल पुन्हा बांधली, आणि ती ओळ गेली. काही महिन्यांत दोन मोटरी जळाल्या. वीज आल्यापासून दोन्ही ठिकाणी पंचविसावा दिवस चालू होता, हे त्यांच्या सर्व्हिसच्या मुलाच्या लक्षात आलं. त्या मुलाचं मला आजही कौतुक वाटतं.

फोनवर ते गृहस्थ पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते. "साहेब, मी तर काहीच बदललेलं नाही."

मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं माझं चुकत होतं, आणि तरी बरोबर चालत होतं?" मी हो म्हणालो. "मग मला कोणी सांगायचं?"

शब्द देणं, शब्द पाळणं, शब्दाला जागणं. मराठीत वचनाला नुसतं शब्द म्हणतात. प्रमाणकाच्या दृष्टीनं त्या गृहस्थांनी शब्द दिला होता: माझी बेरीज कधीही ओसंडणार नाही. कंपायलरनं त्या शब्दावर विश्वास ठेवून पुढचं काम केलं. पण हा शब्द त्यांनी दिला कधी? सी भाषेत 'अधिक' हे चिन्ह टंकलं, त्या क्षणी. दिल्याचं त्यांना कळलं नाही, घेतल्याचं कोणी बोललं नाही. इतकंच नव्हे, तर पुढच्याच ओळीत त्यांनी ढळढळीत लिहून ठेवलं होतं की बेरीज ओसंडू शकते याची मला जाणीव आहे. ती ओळ म्हणजे त्या शब्दाचा इन्कारच होता. कंपायलरनं न दिलेला शब्द खरा मानला आणि लिहून दिलेला इन्कार फेकून दिला.

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, असं यावर कोणी म्हणेल. कायद्याचं ते तत्त्व मला मान्य आहे. पण कायद्याच्या शेवटी एक न्यायाधीश बसलेला असतो, आणि तो हेतू बघतो. नकळत झालेलं आणि जाणूनबुजून केलेलं यांत तो फरक करतो. कंपायलर हेतू बघू शकत नाही, हे खरं, आणि त्यानं तो बघावा असं मी म्हणतही नाही. उद्या प्रत्येक कंपायलर आपापल्या परीनं माझ्या मनातलं ओळखू लागला तर अनर्थ होईल. कोणाच्या मनातलं, कोणत्या आवृत्तीत, कितपत? यंत्राकडे दयाळूपणा मागण्यात अर्थ नाही. पण यंत्राचा स्वभाव माणसं ठरवतात. स्विच न दिला तर काय व्हावं, हे कुठल्यातरी बैठकीत माणसंच ठरवतात. नैतिक कृती असेल तर ती तिथे आहे.

एफ-रॅप-व्ही हा स्विच आहेच. म्हणजे बेरीज ओसंडली तर ती फिरवण्याची सोय कंपायलरमध्ये जय्यत तयार आहे; फक्त ती मागावी लागते. कोण मागतं? लिनक्सच्या गाभ्याची मंडळी मागतात. ट्यूनच्या प्रकरणानंतर त्यांनी शून्य-तपासण्या उडवू नका असं सांगणारा स्विच कायमचा लावला. ओसंडण्याबद्दल आणि पॉइंटरच्या प्रकारांबद्दलचे तर्कही त्यांनी स्विचनं बंद करून ठेवलेत. थोडक्यात, ज्यांना करार वाचता येतो त्यांनी आपल्यापुरता करार बदलून घेतला. कुपवाडचे गृहस्थ मूळ करारानंच बांधलेले राहिले, कारण करार आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. बँकेच्या कर्जाच्या कागदांबाबतीत आपण याला काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी बाजू मी टाळत नाही. वेग ही चैनीची गोष्ट नाही. बेरीज ओसंडत नाही असं धरलं की लूप किती वेळा फिरेल हे आधीच काढता येतं, चौसष्ट बिटांच्या यंत्रावर दर फेरीतलं एक रूपांतर वाचतं. हजारो यंत्रं चालवणाऱ्याच्या वीजबिलात ते दिसतं, माझ्या खिशातल्या फोनच्या बॅटरीतही दिसतं. आणि 'तपासणी उडवताना निदान सांगा तरी' ही मागणी वाटते तितकी सोपी नाही. मॅक्रो आणि फंक्शनं उलगडली की एकाच फाइलमध्ये शेकडो तपासण्या खरोखरच निरर्थक ठरतात आणि त्या उडाव्यात अशीच प्रोग्रामरची इच्छा असते. प्रत्येकीची दवंडी पिटली तर ऐकणारा दुसऱ्या दिवशी कानात बोळे घालेल. कंपायलरला ती एक तपासणी आणि ही शेकडो यांत फरक दिसत नाही. हे सगळं खरं आहे. पण फायदा सगळ्यांत थोडाथोडा वाटला जातो आणि तोटा दोन मोटरींच्या रूपानं एकाच माणसाच्या दारात येतो, हेही खरं आहे.

मग शेवटचं हत्यार निघतं: अहो, फुकट दिलंय. वर शब्दही द्यायचा का?

या युक्तिवादाबद्दल मला आदर आहे, कारण ज्यांनी तो करावा त्यांनी खरंच खूप दिलंय. जीसीसी १९८७ सालापासून आहे. त्याच्या परवान्यानं लोकांना आतलं बघण्याचा हक्क दिला. पवईच्या आयआयटीत जीसीसीचं अंतरंग शिकवणारं एक केंद्रच त्यातून उभं राहिलं. एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केला. त्याचा आजचा परवाना अपाची, आणि त्याला एक खास अपवाद जोडलेला: कंपायलरचे तुकडे तुमच्या तयार प्रोग्राममध्ये मिसळले तर त्याबद्दल श्रेयाची पाटी लावायचीही सक्ती नाही. दातृत्व याहून किती असावं? आणि त्याच परवान्यात हमीचा इन्कारही स्पष्ट लिहिलेला आहे.

तरी मला वाटतं की दानाचंही एक कर्तव्य असतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालणाऱ्यावर पाणी देण्याचं बंधन कोणाचंच नसतं. त्यानं उद्या माठ उचलून नेले तर तक्रारीला जागा नाही. पण माठ आहेत तोवर पाणी पिण्यालायक असावं ही अपेक्षा त्यानं माठ मांडला तेव्हाच मान्य केली. 'फुकट आहे' हे माठ रिकामा असण्याचं उत्तर होऊ शकतं. माठातलं पाणी काल गोड आणि आज खारं का, याचं होत नाही. त्यात या पाणपोईवर राबणारे सगळे हौशी स्वयंसेवक आहेत असंही नाही. लॅटनर २००५ साली अ‍ॅपलमध्ये गेले, आणि आज एलएलव्हीएममधलं बरंचसं काम मोठमोठ्या कंपन्यांच्या पगारावर होतं. त्या पगारामागे हिशेब आहे आणि त्या हिशेबात वेगाला किंमत आहे. यात गैर काही नाही. फक्त मग दानाची भाषा जरा जपून वापरावी.

गंमत अशी की याच लॅटनर यांना पुढे स्वतःची नवी भाषा करायची वेळ आली, तेव्हा स्विफ्टमध्ये बेरीज ओसंडली तर प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. फिरवायची असेल तर वेगळं चिन्ह वापरून तसं बोलून दाखवावं लागतं. जावामध्ये बेरीज फिरते आणि ती फिरते असं लिहिलेलं आहे. रस्टनेही हा प्रसंग मोकळा सोडलेला नाही. जिथे जुन्या करारांचं ओझं नव्हतं तिथे बहुतेकांनी मौन टाळलं. मला हा पुरावा फार मोठा वाटतो. सीचं मौन अटळ होतं असं म्हणणाऱ्यांना निवड करायला मोकळं रान मिळालं, तेव्हा त्यांनी काय निवडलं, हा तो पुरावा.

एलएलव्हीएमच्या आतही या मौनाचा त्रास झाला, हे थोडं तांत्रिक आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक आहे: माझ्या कोडमध्ये हे 'अनडेफ' काय दिसतंय? व्हेरिएबलमध्ये तुम्ही किंमतच घातली नाही, म्हणून कंपायलरनं तिथे 'अनडेफ' लिहिलं, हे उत्तर. या अनडेफचा स्वभाव विलक्षण आहे. ते वापराल तितक्या वेळा ते वेगळी किंमत घेऊ शकतं. त्यातून तेच वजा केलं तर शून्य येईलच असं नाही. एकाच वाक्यात एकच शब्द दोनदा यावा आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ निराळा निघावा, तसं. ऑप्टिमायझरच्या एका टप्प्यानं एक अर्थ धरला आणि दुसऱ्यानं दुसरा, तर बरोबर प्रोग्रामचंही चुकीचं भाषांतर होऊ शकतं, हे लक्षात आल्यावर संशोधकांनी एक नवी आज्ञा सुचवली, आणि २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत ती दाखल झाली. तिचं नाव 'फ्रीझ'. तिचं म्हणणं इतकंच: वाटेल ती किंमत घे, पण एकदा घेतलीस की तीच ठेव. कंपायलरवाल्यांनी हा नियम आपल्या आतल्या व्यवहारापुरता केला, कारण मौनाचा फटका त्यांना स्वतःला बसू लागला होता.

मी आता उत्तरं थोडी वेगळी लिहितो. 'तुमचा कोड चुकीचा आहे' हे पहिलं वाक्य नसतं. आधी लिहितो की नव्या आवृत्तीनं तुमच्या कोडचं वाचन बदललंय, जुन्या आवृत्तीत ते असं होतं, आता असं आहे; जुनं वर्तन हवं असेल तर हा स्विच. मग यूबी-सॅनिटायझरबद्दल, जो प्रोग्राम चालवून बघताना असे प्रसंग पकडून दाखवतो आणि जीसीसी, क्लँग दोन्हींत मिळतो. नियम शेवटी. सहकाऱ्यांपैकी एक-दोघांना हे लाड वाटतात. ते म्हणतात, यानं लोक शिकणार नाहीत. असेलही.

कुपवाडच्या गृहस्थांनी संख्या चिन्हविरहित केली, मिळवण्याऐवजी वजाबाकी करून मधला काळ मोजायला सुरुवात केली, आणि जिथे जिथे नियंत्रक बसवले होते तिथे स्वतः जाऊन नवा प्रोग्राम चढवून आले. जळालेल्या मोटरींचे पैसे त्यांनीच भरले. महिन्याभरानं त्यांचा पुन्हा फोन आला. "साहेब, हे एक झालं. पण कंपायलर अजून काय काय धरून चालतो, त्याची यादी मिळेल का?" मी त्यांना ते दोनशेच्या आसपास कलमांचं परिशिष्ट पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप होता: वाचतोय, रोज चार-पाच कलमं, डिक्शनरी घेऊन बसतोय; सर्व्हिसच्या मुलालाही वाचायचंय, त्याच्यासाठी हे मराठीत कुठे आहे का?

पहिली बारा कलमं मी मराठीत करून पाठवली आहेत. तेराव्यावर अडलोय.